मुलतानीची वेळ

"भोईर मॅडम, तुमचं आज नाही होणार," आयोजकांकडचा अमित म्हणाला, तेव्हा चार वाजून वीस मिनिटं झाली होती आणि काशी विंगेत तंबोरा मांडीवर घेऊन बसली होती.

साडेतीनपासून ती तिथे बसली होती. डोळे मिटून, खालचा निषाद मनातल्या मनात धरून. पलीकडे स्टेजवर 'कलाकार आणि ब्रँड' या विषयावर परिसंवाद चालला होता. तो साडेतीनला संपायचा होता. आता तिसरे वक्ते पडद्यावर आलेख दाखवून सांगत होते, की लोक गाण्याचा व्हिडिओ सरासरी किती सेकंद बघतात.

"मग कधी?" काशीने विचारलं.

"उद्या सकाळी साडेनऊला. दिवसाचं पहिलंच सेशन. ऑडियन्स फ्रेश असतो."

"सकाळी? अहो, माझी बंदिश मुलतानीतली आहे."

अमितने मोबाइलवरची यादी वर सरकवली. "हो, लिहिलंय ना. मुलतानी."

तो पुढे काही बोलेल म्हणून ती थांबली. त्याने यादी खाली सरकवली.

"मुलतानी दुपारची," काशी म्हणाली. "दुपार उतरताना गायची."

"मला माहीत आहे मॅडम, मीपण गातो. पण आता एवढं कोण बघतं? रेकॉर्डिंग लोक कधीही ऐकतात."

"ऐकणाऱ्याचं सोडा. गाणाऱ्याने कधी गायचं ते विचारतेय मी."

"मॅडम, प्लीज. माझ्या हातात असतं तर मी दिलं असतं."

"दहा मिनिटं मागतेय. त्यांना आटपायला सांगा."

"ते चीफ गेस्ट आहेत," अमित हळू आवाजात म्हणाला आणि गळ्यातलं ओळखपत्र सारखं करत निघून गेला. माणूस वाईट नव्हता. दोन दिवस तो झोपलाही नसेल. त्याचा राग करायलाही जागा नव्हती, म्हणून काशीला जास्तच राग आला. तिने तंबोरा उचलून गवसणीच्या कापडावर आडवा ठेवला. स्टेजवर आलेख बदलला आणि लोक हसले.

धारवाडला यायचं तिचं तीस वर्षांचं स्वप्न होतं. या गावात गाणं मातीत आहे, असं मास्तर सांगायचे, आणि मास्तर स्वतः कधी इथे आले नव्हते. कालच्या पहाटे ती स्टेशनवर उतरली, तेव्हा रिक्षावाल्याने विचारलं, 'सिंगर?' आणि ती 'हां' म्हणाली. उभ्या जन्मात तिला कुणी तसं विचारलं नव्हतं. अंबरनाथजवळच्या पालेगावात ती भोईरांची सून, भजनी मंडळात पेटीवाली काशीवहिनी, आणि आनंदनगरच्या औषधांच्या कंपनीत पॅकिंगमधल्या मावशी. सुट्टीचा अर्ज दिला तेव्हा सुपरवायझर दिपेशने तो दोनदा वाचला होता.

"शास्त्रीय गायकांचं अधिवेशन? मावशी, तुम्ही तिथे काय म्हणून जाणार?"

"गायक म्हणून," काशी म्हणाली होती. दिपेश हसला नाही, हे त्याचं चांगलं. पण पेन उघडायला त्याने वेळ लावला.

ती गायक होती हे पालेगावात खरं तर फक्त तिच्या वडिलांनी मानलं होतं. भजनात पखवाज वाजवणारा माणूस. मुलीचा गळा त्यांना वेगळा वाटला, म्हणून बारा वर्षांच्या काशीला सायकलवर बसवून ते उल्हासनगरला चार नंबर कॅम्पात घेऊन गेले. तिथे कापडबाजारात, एका दुकानाच्या माळ्यावर थावरदास मास्तर गाणं शिकवायचे. सिंधमधून सोळाव्या वर्षी आलेला माणूस. सकाळी आणि संध्याकाळी ते खाली त्याच दुकानात मुनीम असायचे. दुपारी बाजार पेंगायला लागला, की शेठ जेवायला घरी जायचा आणि मास्तर माळ्यावर चढायचे. दोन ते पाच. त्यांचं गाणं तेवढ्याच वेळातलं.

त्यामुळे काशीचंही तेवढ्याच वेळातलं. भीमपलासी, पटदीप, मधुवंती, मुलतानी. मास्तर वेळेच्या बाबतीत कडक होते. "सुबह का राग सुबह सिखाऊंगा," म्हणायचे. पण सकाळी त्यांना दुकान होतं आणि काशीला शाळा, पुढे कंपनी. ती सकाळ कधी आलीच नाही. एकोणीस वर्षं ती मास्तरांकडे गेली आणि तिला भैरव येत नव्हता, तोडी येत नव्हती. हे ती कुणाला सांगत नसे. लग्नानंतर तिने कायम पहिली पाळी मागून घेतली, म्हणजे तीनला घरी येऊन चार वाजता बसता येईल. सासूने सुरुवातीला बरंच ऐकवलं, मग तिलाही सवय झाली. पाहुणे आले तर तीच सांगायची, "थांबा जरा, ती आता आ करून बसली असंल."

मास्तरांनी अकरा बंदिशी केल्या होत्या. त्यातली मुलतानीतली काशीला सगळ्यात जवळची. ती शिकवताना मास्तर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे. मुलतानीत ऋषभ आणि धैवत चढताना नाहीतच. उतरताना येतात, तेही चालता चालता. "रिषभ पे बैठना नहीं, बेटी. वो दूसरे का घर है." दुसऱ्याचं घर म्हणजे तोडी. स्वर दोघींचे तेच, पण चाल वेगळी, वेळ वेगळी. काशी अर्धं आवर्तन जरी ऋषभावर रेंगाळली, तरी मास्तर पेटीचं झाकण लावून टाकायचे.

ते गेले, तेव्हा बाजारातल्या व्यापारी मंडळाने पेपरात चार ओळी दिल्या होत्या. कापड दुकानातले जुने आणि इमानदार मुनीम. गाण्याचा शब्द नव्हता.

म्हणून या अधिवेशनात 'अप्रकाशित बंदिशी' असं एक सत्र आहे, असं मुलीने, रिद्धीने, मोबाइलवर वाचून दाखवलं, तेव्हा काशीने कढईखालचा गॅस बंद केला होता. फॉर्म रिद्धीने भरला. नमुना म्हणून दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग तिनेच केलं, दुपारी चार वाजता, खिडक्या लावून, पंखा बंद करून. दीड महिन्याने पत्र आलं. दहा मिनिटं मिळाली होती. शुक्रवार, चार वाजून दहा मिनिटं. ती वेळ वाचून काशीला वाटलं, की कुणीतरी जाणत्या माणसाने ठरवलेली दिसते.

सभागृहाच्या आवारात गुलमोहराखाली उभं राहून तिने घरी फोन लावला. नवऱ्याने, जयदेवने, पहिल्या रिंगला उचलला.

"काय झाला? इथं मोबाइलवर कवापासून कोन तरी बोलतंच हाय. मंडलाच्या बाया आपल्या घरान येऊन बसल्यान. चाय पन झाली त्यांची."

"आज नाय होत. उद्या सकाली बोलतात."

"मंग उद्या गा."

"ती बंदिश सकालची गात नाय."

जयदेव तीस वर्षं चार वाजता घरात आवाज न करता वावरला होता. "मना त्यातला काय कलत नाय," तो म्हणाला. "पन येवरा लांब गेलीस ती काय नुसती बघाला?"

दुसरा फोन करायला ती कचरत होती, तर तोच आला. भावनादीदी. मास्तरांची मुलगी, आता सत्तरीला आलेली, एकटी, अजून कॅम्पातच.

"काशी, मी मोबाइल लावून बसलेली आहे. तुझं नाव येतच नाही."

"दीदी, उद्या सकाळी साडेनऊला म्हणतायत."

"सुबह? मुलतानी?"

"हो. मी नाही म्हणून सांगणार आहे."

"पापा असते तर उठून निघून आले असते," भावनादीदी म्हणाल्या. काशीला बरं वाटलं. पण त्या पुढे बोलल्या, "लेकिन पापा को कोणी बोलावलंच कधी? कुठल्या स्टेजवरून त्यांचं नाव मी नाही ऐकलं. एक बार सुन लेती तो ठीक था. आता तू बघ, काशी. तुला कळतं."

नाही म्हणण्याचा रस्ता तिथेच बंद झाला.

राहायची सोय एका वसतिगृहात होती, दोघी-दोघींना एक खोली. काशीबरोबर संजीवनी नावाच्या नागपूरच्या प्राध्यापिका होत्या. चाळिशीच्या, हसऱ्या, सगळ्यांना ओळखणाऱ्या. संध्याकाळी त्या पलंगावर साडीची घडी घालत बसल्या असताना काशीने त्यांना सगळं सांगितलं. ऐकून त्यांनाही वाईट वाटलं.

"हे लोक ना, असंच करतात. मग दुसरं काहीतरी गा ना. मास्तरांच्या सकाळच्या रागातल्या बंदिशी असतीलच."

"नाहीत."

"बरं, तुमचं आपलं नेहमीचं काहीतरी. भैरव, तोडी, काहीही."

"मला सकाळचे राग येत नाहीत," काशी म्हणाली.

संजीवनीबाईंचे हात साडीवर थांबले. "एकही नाही?"

त्यांनी ते टोचून विचारलं नव्हतं. त्यांना खरंच नवल वाटलं होतं. काशीला मात्र आपण परीक्षेच्या हॉलमध्ये चुकून शिरलोय आणि आता सगळ्यांना कळलंय, तसं झालं. मुनिमाची दुपार, माळा, पहिली पाळी, हे सगळं सांगितलं असतं तर त्यांना समजलंही असतं. पण ते सांगणं म्हणजे सबब सांगणं झालं असतं.

"एक सुचवू?" संजीवनीबाई म्हणाल्या. "रागावू नका. स्वर तेच आहेत. चाल थोडी बदला, ऋषभ-धैवत जरा धरा, आणि तोडी म्हणून गा. शब्द मास्तरांचेच राहतील. वेळही साधेल. हॉलमध्ये कुणाला काय कळणार?"

"मला कळेल ना."

"हो, तेही आहे," त्या म्हणाल्या आणि त्यांनी साडी बॅगेत ठेवली.

सकाळी साडेपाचला काशीला जाग आली ती तोडीने. संजीवनीबाई खोलीच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून रियाझ करत होत्या. त्यांचं सादरीकरणही त्याच सत्रात, काशीच्या अगोदर होतं. गळा तयार होता. ऋषभावर त्या अशा टेकायच्या, की खोली भरून जायची. काशी उठून व्हरांड्यात गेली. तोडी तिच्या मागून आली. खाली नळावर गेली, तिथेही आली. तिने निषादावरून थेट गंधार घेऊन बघितला, मुलतानीचा, खालून वर झुलत येणारा. लागला. दोनदा लागला. तिसऱ्यांदा मधे काहीतरी घसरलं. तिने तोंडावर पाणी मारलं.

साडेनऊचं सत्र दहाला दहा कमी असताना सुरू झालं. सभागृह अर्धंही भरलं नव्हतं. लोक उप्पिटाच्या बशा घेऊन आत येत होते. संजीवनीबाईंना दहा मिनिटं होती, त्यांनी अठरा घेतली, आणि कुणी अडवलं नाही, कारण त्या खरोखरच सुंदर गायल्या. काशी विंगेत बसून ऐकत होती. कान बंद करता येत नव्हते. पाय झाकावेत तसे कान पदराखाली झाकून बसणं शोभलं नसतं.

"मॅडम, माहिती शेवटी सांगा, आधी गा," अमित घाईने म्हणाला. "सात मिनिटांत बसवा, प्लीज."

"आपल्यासमोर येतायत काशी भोईर, मुंबई," निवेदिका म्हणाली. अंबरनाथ मुंबई झालं. काशीने नमस्कार केला, तंबोरा कानाशी घेतला आणि डोळे मिटले.

*दिन ढरत आयो, घाट पर कोउ नाव न लागी.*

पहिलं आवर्तन नीट गेलं. 'घाट'वर सम आली, तबलजी मान डोलावून लय धरू लागला. बाहेर कुठेतरी झाडू मारल्याचा आवाज येत होता, आणि उजव्या खिडकीतून सकाळचं ऊन थेट तिच्या मांडीवर पडलं होतं. दिवस ढळतो आहे, असं ती त्या उन्हात बसून गात होती. दुसऱ्या आवर्तनात उतरताना ऋषभ आला आणि गेला नाही. थांबला. तिने थांबवला नव्हता, गळा आपसूक टेकला होता, पहाटेपासून कान जिथे टेकले होते तिथेच. आणि तो गोड लागला. त्याचीच तिला धडकी भरली. पुढच्या रांगेतल्या कुणीतरी "वाह" म्हटलं.

तिने पुन्हा खालून उचललं. निषाद, सा, गंधार. पुन्हा उतरताना तेच. आता धैवतही बसायला लागला. तिसऱ्यांदा तिने जपून, एकेक पाऊल बघत उतरायचा प्रयत्न केला, तेव्हा ऋषभ वाचला, पण गाणं मेलं. नुसते स्वर मोजून टाकल्यासारखे झाले. चौथ्यांदा ती पुन्हा घसरली आणि तिला आत पेटीचं झाकण लागल्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

तिने डावा हात तबलजीसमोर धरला. ठेका थांबला. विंगेतून अमित पुढे आला, माइक बंद पडला की काय म्हणून.

"माफ करा," काशी माइकमध्ये म्हणाली. स्वतःचा बोलका आवाज तिला परका वाटला. "मी मुलतानी गायला बसले होते. हे मुलतानी राहिलं नाही. ही तोडी झाली, आणि तोडी मला येत नाही. बंदिश माझे गुरू थावरदास मास्तर यांची आहे. उल्हासनगरचे. त्यांनी अशी केलेली नाही. ती दुपारची आहे. तिला मी खराब करत बसत नाही. शब्द तेवढे सांगते."

तिने स्थायी म्हणून दाखवली. मग अंतरा, ज्यात मास्तरांनी स्वतःचं नाव घातलं होतं: *पूछत 'थावर' माँझी सों, कौन दिसा मोरा गाँव.* न गाता, नुसते शब्द. ते शब्द असे उघडे, स्वरांवाचून, तिने आजवर कधी उच्चारले नव्हते. गाव या शब्दाशी ती जरा अडखळली. मग तंबोरा खाली ठेवून ती उठली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण कशाच्या टाळ्या वाजवायच्या हे न कळलेल्या माणसांसारख्या.

"मॅडम, का थांबलात?" विंगेत अमित म्हणाला. "मस्त चाललं होतं. कुणाला काही कळलं नसतं."

पुढच्या रांगेतले एक वृद्ध गृहस्थ काठी टेकत विंगेपर्यंत आले. ते इथलेच, जुने शिक्षक होते म्हणे. "अम्मा, मुलतानी को सुबह का टाइम किसने दिया?" त्यांनी विचारलं. काशीने अमितकडे पाहिलं. अमितने मोबाइलकडे पाहिलं. वृद्ध गृहस्थांनी मान हलवली आणि ते परत जागेवर जाऊन बसले.

"आज चार वाजता दहा मिनिटं द्या," काशी म्हणाली. "स्टेजवर नको. कुठेही. एखाद्या खोलीत."

"आज चारला ऑनलाइन क्लासचं वर्कशॉप आहे मॅडम. सगळ्या खोल्या बुक आहेत."

चार वाजता ती त्या वर्कशॉपला जाऊन शेवटच्या रांगेत बसली. कॅमेऱ्यासमोर चेहऱ्यावर उजेड कसा घ्यायचा ते एक तरुण समजावून सांगत होता. ठरल्या वेळी भूक लागावी तसा तिचा गळा आपोआप तयार झाला होता. निषाद आत लागून राहिला होता, गंधार कुठे आहे हे डोळे मिटून सांगता आलं असतं. तिने पिशवीतून खडीसाखर काढून तोंडात टाकली आणि ती उजेडाचं ऐकत राहिली.

अधिवेशनाचा शेवटचा दिवसही तसाच बसून काढून ती पालेगावला परतली. मंडळाच्या बायकांनी फारसं विचारलं नाही, म्हणजे आपसात बरंच बोलून झालेलं होतं. जयदेव एवढंच म्हणाला, "मधीच कनाला थांबलीस?" आणि ती बॅग उपसायला लागली, तेव्हा त्याने पुन्हा विचारलं नाही. दोन दिवसांनी ती कॅम्पात भावनादीदींकडे धारवाडचा पेढा घेऊन गेली. दीदींनी पेढा कपाळाला लावला.

"नाव ऐकलं मी," त्या म्हणाल्या. "दो बार लिया तूने. एकदा बोलताना आणि एकदा अंतऱ्यात."

"गाणं नाही झालं, दीदी."

"नाही झालं," त्या म्हणाल्या. त्यांनी उगाच समजूत घातली नाही, याचं काशीला बरं वाटलं. तिला वाटलं, चला, एवढं तरी झालं. आता हे संपलं.

ते संपलं नव्हतं. दहा दिवसांनी ती कंपनीतून येऊन चप्पल काढत होती, तेवढ्यात रिद्धी मोबाइल घेऊन पुढे आली. "आई, तुझा व्हिडिओ टाकला त्यांनी. सहाशे लोकांनी बघितला पण."

व्हिडिओ एक मिनिट बावन्न सेकंदांचा होता. पहिलं आवर्तन, दुसरं, तो ऋषभ, कुणाचं तरी 'वाह'. त्यापुढचं सगळं कापलेलं. त्या 'वाह'पाशीच चित्र काळं होत होतं. खाली नाव होतं: *राग तोडी, पारंपरिक बंदिश. गायिका काशी भोईर, मुंबई.*

काशीने ते तीनदा वाचलं. मग तशीच उभ्या उभ्या तिने अमितला फोन लावला.

"मॅडम, एडिटिंग दुसरी टीम करते," तो म्हणाला. "त्यांनी रेकॉर्डिंग ऐकून टायटल दिलं असेल. तुम्हीच स्टेजवर म्हणालात ना, की ही तोडी झाली?"

"आणि पारंपरिक?"

"नाव क्लिपमध्ये नव्हतं म्हणून डिफॉल्ट टाकलं असणार. मी सांगतो त्यांना, करेक्ट करतील."

चार दिवस झाले, बदललं नाही. तिने दुसऱ्यांदा फोन केला, मग तिसऱ्यांदा. रिद्धीने ईमेल पाठवला. त्याला उत्तर आलं: 'आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे.' इकडे जयदेवने तो व्हिडिओ गावातल्या आणि नात्यातल्या सगळ्या ग्रुपांवर पाठवून दिला होता. "लोक चांगला बोलतान," तो म्हणाला. "काल नाक्यावर दोघा जनांनी मना थांबवून सांगितला. तुना काय रडू येतंय त्यात?" तिला रडू येत नव्हतं. तिला कुणाच्या तरी पुढ्यात जाऊन ओरडावंसं वाटत होतं आणि ते कुणीतरी सापडत नव्हतं. कंपनीत दिपेशनेही इअरफोन काढून सांगितलं, "मावशी, काय आवाज आहे तुमचा." तिने थँक्यू म्हटलं आणि ती मास्क लावून आत गेली.

मग भावनादीदींचा फोन आला. त्यांच्या भाच्याने त्यांना व्हिडिओ दाखवला होता.

"काशी, पापाचं नाव कुठे गेलं?"

त्या संध्याकाळी काशीने रिद्धीला समोर बसवलं. "त्या व्हिडिओच्या खाली लोक लिहितात ना, तिथे लिहायचंय. मी सांगते तसं लिही."

"बोल."

"हा राग तोडी नाही. हा मुलतानी आहे. त्याची वेळ दुपारची. मी सकाळी गायले आणि चुकून तोडीसारखा झाला. चूक माझी आहे."

रिद्धीने वर बघितलं. "आई, सिरियसली? स्वतःच्याच व्हिडिओखाली असं कोण लिहितं? सगळे वाह वाह करतायत. फक्त कंपोझरचं नाव टाकू ना, बस हो गया."

"नुसतं नाव टाकलं तर लोक समजतील, की त्यांनी अशी केली. लिही. चूक माझी आहे. पुढे, बंदिश पारंपरिक नाही. ती थावरदास मास्तर यांची आहे. उल्हासनगर."

रिद्धीने लिहिलं, वाचून दाखवलं, 'मुलतानी'चा ऱ्हस्व-दीर्घ आईला विचारून घेतला आणि पाठवलं. वर तेवीस जणांनी लिहिलं होतं. 'सुंदर तोडी', 'क्या बात है', फुलं, जोडलेले हात. त्यांच्याखाली काशीचं जाऊन बसलं.

आठवडाभर त्यावर काहीच आलं नाही. वर नव्या फुलांची भर पडत राहिली. काशी रोज जेवणाच्या सुट्टीत बघायची आणि मोबाइल लॉकरमध्ये ठेवून द्यायची. नवव्या दिवशी ती तांदूळ निवडत असताना रिद्धी आतून म्हणाली, "आई, तुझ्या कमेंटला रिप्लाय आलाय. कोणीतरी विचारतंय, 'कोण हे थावरदास?'"

काशीचा हात ताटात थांबला. "कोण विचारतंय?"

"काय माहीत. फोटो नाहीये, नावपण धड नाही. असेल कोणीतरी टाइमपास. इग्नोर कर."

"विचारलंय तर सांगायला पाहिजे."

"ठीक आहे. बोल, मी टाइप करते."

"नको. इकडे दे."

काशीने ताट बाजूला सरकवलं, हात पदराला पुसले आणि कपाळावरचा चष्मा खाली ओढला. रिद्धीने मराठी अक्षरं लावून मोबाइल तिच्या हातात दिला आणि ती शेजारी टेकली. काशीने एक बोट पुढे केलं. ते बराच वेळ काचेवर नुसतं फिरत राहिलं.

"थ कुठाय गं?"

रिद्धीने दाखवलं. काशीने तो दाबला, काना दिला, आणि पुढचं अक्षर शोधायला लागली.